कडुबाचा रकाना

चौथीतल्या कडुबाला अनोळखी मजकूर समजून वाचता येतो, असं मी माझ्या सहीनिशी लिहून दिलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं. आणि ते मला ठाऊक होतं.

चूक एवढीच आहे. सांगायला दोन ओळी पुरतात. पण शाळेत मांडलेल्या एका खुणेचं पुढं काय काय होतं, हे शाळेबाहेरच्या माणसाला उलगडून सांगितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून हा लेख.

मी १९८१ साली डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालो. जालना जिल्हाही त्याच साली झाला. दोघंही नवीन होतो आणि कुणाला कशाची फारशी माहिती नव्हती. तीन-चार गावं फिरून मी धावड्याच्या पलीकडच्या एका लहान गावात आलो. दोन खोल्या, दोन गुरुजी, चार वर्ग. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडं, म्हणजे मुख्याध्यापकांकडं. तिसरी-चौथी माझ्याकडं, एकाच खोलीत. तिसरीची पोरं भिंतीकडं तोंड करून पाढे लिहायची आणि चौथीची माझ्याकडं तोंड करून धडा ऐकायची. ऐकायची दोन्हीकडची, कारण कानांना तोंड फिरवता येत नाही.

त्या काळात आम्ही गुण देत असू. मुलाला गणितात बेचाळीस गुण मिळाले म्हणजे नेमकं काय, हे मला पंधरा वर्षं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या बेचाळिसात थोडं गणित असे, थोडं अक्षर, थोडी हजेरी, थोडा समास आखलेला असे. तोंडी परीक्षेचे गुण तर पूर्णपणे माझ्या मर्जीचे होते. ज्या मुलाच्या घरून मला दूध यायचं, त्याला मी तोंडीत कधी कमी दिल्याचं आठवत नाही. दुधासाठी दिले असंही नाही. पण तो तोंड उघडायच्या आधीच मला तो हुशार वाटायचा.

जिजा नावाची एक मुलगी होती. कापसाच्या निंदणी-वेचणीत ती दिवाळीपर्यंत शाळेत दिसायची नाही. आली की झपाट्यानं शिकायची. मार्चमध्ये तिचा एकही भागाकार चुकत नसे. मी मात्र तिच्या सहामाहीचे आणि वार्षिकचे गुण मिळवून सरासरी काढायचो आणि जिजा जेमतेम पास व्हायची. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात. शिकलेलं पोरगं पैलकाठाला गेलं की आपण म्हणतो, पोहायला आलं. पहिल्या आठवड्यात त्यानं किती पाणी गिळलं ते कुणी त्यातून वजा करत नाही. मी करत होतो. तिच्या बापानं निकाल पाहून विचारलं, "मंग ढ आहे म्हणायची का पोरगी?" मी म्हणालो, "मध्यम आहे." पुढच्या वर्षी मध्यम पोरगी शाळेत आली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'किमान अध्ययन क्षमता' आल्या. पहिली ते चौथीत मुलाला नेमकं काय काय यायला हवं, याची यादी आली. हातच्याची वजाबाकी. घड्याळ पाहून वेळ सांगणं. अनोळखी मजकूर समजून वाचणं. प्रत्येक मुलापुढं प्रत्येक क्षमतेचा एक रकाना. आलं, तर खूण. आलं नाही, तर रकाना रिकामा ठेवायचा, पुन्हा शिकवायचं, पुन्हा पाहायचं. जूनमध्ये आलं काय नि मार्चमध्ये आलं काय, खूण तीच. अक्षर, हजेरी, स्वभाव यांचा त्या खुणेशी संबंध नाही.

भोकरदनला प्रशिक्षण झालं. निवृत्तीला आलेले एक गुरुजी उभे राहिले.

"सर, मंग पास कोण?"

"ज्याला येतं तो."

"आन् ज्याला येत न्हाई तो?"

"त्याला शिकवायचं."

हा पर्याय बऱ्याच जणांच्या ध्यानात आला नसावा. मग त्याच गुरुजींनी विचारलं, "जेवायची सुट्टी कवा हाये?"

मला मात्र ती पद्धत मनापासून पटली. मला जिजा आठवत होती. मी इतका पेटलो, की पुढच्या प्रशिक्षणात मला मार्गदर्शक म्हणून उभं केलं. रिकामा रकाना म्हणजे नापास नव्हे, ती पुढच्या शिक्षकाला ठेवलेली खूण आहे, इथं शिकवायचं राहिलंय, असं मी खडू हातात घेऊन सांगत असे. लोक माना डोलवत.

गावाला हे सगळं पचलं नाही. गावात मोतीशेठचं किराण्याचं दुकान होतं. त्यांच्या आज्यानं मारवाडातून येऊन ते टाकलेलं. त्यांचा नातू पारस माझ्या वर्गात. निकालाच्या दिवशी शेठ काउंटर सोडून शाळेत आले.

"गुरुजी, नंबर कितवा आला?"

"शेठ, आता नंबर नसतो. पारसला भागाकार येतो, अपूर्णांक येतात, पत्र लिहिता येतं. नकाशा अजून वाचता येत नाही."

"ते सगळं बराबर. पण नंबर कितवा?"

"नंबरच नाही."

"असं कसं गुरुजी? एवढी पोरं एका खोलीत बसून राह्यली, कुणीतरी म्होरं असंलच ना. तुम्ही बिलकुल सांगू नका, मी काढतो."

त्यांनी ओसरीवर बसून सगळ्यांच्या खुणा मोजल्या आणि पारसचा दुसरा नंबर काढला. गावात पेढे वाटले. त्याच हिशोबानं दुसरा नंबर आणखी नऊ पोरांचा आला होता, पण त्यांच्या घरी कुणी मोजायला बसलं नव्हतं.

आता कडुबा. त्याचा बाप रायभान झेंडू-शेवंतीचा लहानसा मळा करायचा आणि चतुर्थीला फुलांच्या पाट्या घेऊन राजूरला गणपतीच्या दारात बसायचा. कडुबा शांत पोरगा. बोलायला लावलं तरच बोलणारा. पण पुस्तक हातात दिलं की खडाखडा वाचायचा, ओळीवरून बोट फिरवत. त्याचं वाचन ऐकून मी तिसरीच्या पोरांना सांगायचो, "असं वाचावं."

जानेवारीतल्या एका दुपारी त्याच्या पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली. बोट कवितेवर फिरत होतं आणि तोंडून उंटाचा धडा चालला होता. मी थांबवलं नाही. धडा संपला तसं बोटही कवितेच्या शेवटी येऊन थांबलं. जागेवर बरोबर येऊन थांबलं, ह्याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

सुट्टीत मी त्याला जवळ बसवलं आणि दुसरंच पुस्तक पुढं ठेवलं.

"वाच."

त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ते पुढं सरकलं नाही.

"हे अक्षर कोणतं?"

"ऊन लागून राह्यलं, गुरुजी."

मग उलगडा झाला. तिसरीत असताना भिंतीकडं तोंड करून त्यानं चौथीचं अख्खं पुस्तक कानानं पाठ केलं होतं. चौथीत तो फक्त पानं उलटत होता. दुसरीत असताना तिसरीचंही त्यानं तसंच केलं असणार, कारण पुढच्या खोलीतला माझा आवाज मोठा होता.

मी त्याचा रकाना रिकामा ठेवला आणि मधल्या सुट्टीत त्याला अक्षरं शिकवायला लागलो. पोरगा चलाख होता. काना, मग वेलांटी. उकारापर्यंत आलो. 'कुलूप' हा शब्द पहिल्यांदा स्वतः जुळवला, तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही ते खरोखर उघडलंच. उन्हाळ्यापर्यंत तो वाचायला लागला असता. ह्याबद्दल मला शंका नाही. तेवढं मला माझ्या कामातलं कळतं.

फेब्रुवारीत निरोप आला. जिल्ह्याचे साहेब तालुक्यातल्या निवडक शाळा पाहणार, त्यात आमची. माझं प्रशिक्षणातलं भाषण कुणाच्या तरी ध्यानात राहिलं होतं.

अशा वेळी आमच्यात एक पद्धत आहे. खुणा वर्षभर मांडायच्या असतात, पण बऱ्याच शाळांत त्या राहून जातात. मग भेटीच्या आधी दोघं-तिघं गुरुजी वेगवेगळी पेनं घेऊन बसतात, म्हणजे त्या एका बैठकीत मांडल्यासारख्या दिसत नाहीत. एक निळं, एक काळं आणि एक जरा सुकत आलेलं. सुकत आलेल्या पेनाला फार मान असतो. त्यानं केलेली खूण जूनमधली वाटते. माझ्या वर्गाच्या खुणा खऱ्या होत्या, म्हणून मला पेनं लागत नव्हती, याचा मला अभिमान होता.

मोठ्या गुरुजींनी माझी नोंद पाहिली. त्यांचं बोट कडुबापाशी थांबलं.

"हे काय?"

"त्याला वाचता येत नाही."

"येईल की."

"येईल तेव्हा भरू."

"साहेब सोमवारी येऊन राह्यले, गुरुजी. पोरगं एप्रिलात शिकंल. रिकामा रकाना दिसला की साहेब त्यातच बोट घालतो. मंग तुमची बाकीची खरी नोंद बी खोटी वाटती."

मी भरला. मोठ्या गुरुजींनी सांगितलं म्हणून भरला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मार्गदर्शकाच्या वर्गात असा रकाना असू नये, असं मलाच वाटत होतं.

साहेब आले. चांगले माणूस होते. "एखाद्याकडून वाचून घेऊ," म्हणाले आणि नेमका हात केला तो कडुबाकडं. मी पुढं झालो, कडुबाचं पुस्तक घेतलं, उंटाचा धडा उघडला आणि त्याच्या हातात दिला. कडुबानं एकदा पानाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग बोट ठेवलं आणि खडाखडा वाचला.

"शाबास! कुणी शिकवलं एवढं छान?"

"गुरुजींनी," कडुबा म्हणाला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तो पाटी घेऊन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी त्याला म्हणालो, "आज राहू दे." नंतरही राहू दिलं. वार्षिकची गडबड होती, हे खरं. पण मुख्य म्हणजे त्याच्या नावापुढं आता शिकवायचं काही उरलं नव्हतं. माझ्याच तोंडची पद्धत मी उलटी फिरवली होती. रिकाम्या रकान्याला कुणीतरी शिकवायला येतं, भरलेल्याकडं कुणी फिरकत नाही. मीसुद्धा फिरकलो नाही.

पाचवीला तो धावड्याच्या हायस्कूलला गेला. दाखल्याबरोबर क्षमतांची यादी गेली. तिथल्या वर्गशिक्षकांनी ती वाचली. कुणी वाचत नाही, असं आपण म्हणतो. ह्या एका सरांनी वाचली. नेटके, कष्टाळू सर होते. जुलैत ते मला एस.टी.ची वाट बघताना भेटले.

"तुमचं ते पोरगं, कडुबा. लई आडमुठं हो. सगळं येतं म्हणून तुम्ही लिहून देल्तं, अन् धडा दिला की गप्प उभा. एक अक्षर बोलत न्हाई. उलट बोलला असता तरी चाललं असतं."

इथं मला बोलता आलं असतं. गाडी यायला वेळ होता.

"जरा कडक राहा," मी म्हणालो.

ते कडक राहिले. त्यांची काही चूक नव्हती. ज्याला येत नाही त्याला सर शिकवतात, आणि ज्याला येत असून करत नाही त्याला शिक्षा करतात. कडुबा कुठल्या रांगेतला, हे त्यांना मी लेखी कळवलं होतं. त्यांनी रायभानला बोलावून घेतलं. घरी रायभाननं पोराला बैलाच्या दोरीनं मारलं. दिवाळीनंतर कडुबा शाळेत गेला नाही.

माझी प्रगती चांगली झाली. काही वर्षांनी मी केंद्रप्रमुख झालो, म्हणजे दहा-बारा शाळांच्या नोंदी तपासणारा. सुकत आलेलं पेन मला लांबून ओळखू येतं.

राजूरला एका चतुर्थीला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेआधी नारळ घ्यायला एका दुकानापुढं थांबलो, तर आतला तरुण उभा राहिला आणि ओट्यावरून उतरून पाया पडला. "वळखलं का, गुरुजी? कडुबा." मळा विकून त्यांनी इथंच पूजेच्या सामानाचं दुकान टाकलं होतं. आत त्याची बायको हार ओवत होती आणि रायभान गल्ल्याजवळ बसला होता. थकला होता, पण जीभ शाबूत होती.

"या गुरुजी, बसा. बघा तुमचा इद्यार्थी. फुलं इकून राह्यला. ह्याच्यासंगतीचा पारस औरंगाबादला इंजिनेर झाला. ह्याला काय कमी होतं? तुम्ही तर सगळं येतं म्हणून लिहून देल्तं. पर हा कामचोर निघाला. येत असून वाचलं न्हाई. तुमचं नाव घालवलं ह्यानं."

हे त्यानं सुनेसमोर, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. ज्या सहजतेनं सांगितलं, त्यावरून ते नेहमीचं असावं. सुनेनं मान वर केली नाही. कडुबा दुर्वांच्या जुड्या बांधत राहिला.

रायभान चहा सांगायला गेला तेव्हा मी हळूच विचारलं, "तू सरांना सांगितलं का नाहीस, मला येत नाही म्हणून?"

"तुम्ही लिहून देल्तं ना, गुरुजी," तो म्हणाला. "मी न्हाई म्हणलो असतो तर तुम्ही खोटे पडले असते."

"आणि बापाला?"

"त्याला सांगून तेच. तो तुमच्याकडंच आला असता."

"आता येतं का वाचायला?"

"बोर्ड वाचतो. गाड्यांवरचं वाचतो. कुलूप येतं." आणि तो हसला. टोमणा नव्हता. मी जुडीगणिक त्याचा चेहरा पाहिला, टोमणा नव्हता.

रायभान चहा घेऊन आला. मी चहा प्यायलो, नारळ घेतला आणि दर्शनाला गेलो. काही बोललो नाही. नारळाचे पैसे कडुबानं घेतले नाहीत.

पुढच्या महिन्यात मी एका शाळेवर तपासणीला होतो. तिथल्या नव्या बाईंच्या वर्गाच्या नोंदीत बरेच रकाने रिकामे होते. माझ्या केंद्राचा आकडा त्यानं खाली येत होता. मी म्हणालो, "बाई, एवढे रिकामे? वर पाठवायचंय हे."

"सर, यांना येत नाही अजून."

"येईल की," मी म्हणालो. आणि माझ्याच तोंडून मोठ्या गुरुजींचा आवाज ऐकून नोंदवही मिटली.

बाईंना वाटलं, मी रागावलो. त्या घाईनं म्हणाल्या, "मी भरते सर, पण माझी बदली झाली तर पुढच्या बाईंना कळणार कसं, कुणाला काय शिकवायचं ते?"

"भरू नका," मी म्हणालो. आकडा तसाच वर पाठवला. त्यावर मला खुलासा मागितला गेला. तो मी दिला. त्या खुलाशाबद्दल मला फार अभिमान वगैरे वाटला नाही, कारण आधी द्यायचा खुलासा वेगळा होता आणि तो अजून बाकी होता.

पुढच्या चतुर्थीला मी राजूरला गेलो. कडुबाला एकट्याला गाठून बोलायचं, असा पहिला विचार होता. तो सोपा होता. पण कडुबाला जे ठाऊकच होतं, ते त्याला सांगून काय होणार होतं? त्याचं नाव गेलं होतं ते घरात. म्हणून रायभान गल्ल्यावर असताना, बायको आत असताना आणि दोन गिऱ्हाइकं नारळ वाजवून बघत असताना मी दुकानापुढं उभा राहिलो.

"रायभान, मला थोडं सांगायचंय."

"बसून सांगा की गुरुजी."

"उभ्यानंच सांगतो. कडुबाला वाचता येत नव्हतं."

"कवा?"

"चौथीत. तो कामचोर नव्हता. त्याला येतच नव्हतं. मला माहीत होतं. साहेब येणार होते, म्हणून मी येतं असं लिहिलं."

एका गिऱ्हाइकानं नारळ खाली ठेवला. कडुबाची बायको आतून उठून दाराशी आली आणि पहिल्यांदाच तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"न्हाई गुरुजी," रायभान म्हणाला. "हायस्कूलच्या सरांनी सांगितलं मला. येतं पर करत न्हाई."

"त्यांना मीच तसं कळवलं होतं."

रायभान बराच वेळ गल्ल्याच्या झाकणावर हात फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, पण मला नाही, कुणालाच नाही, "मंग मी ह्याला कशापायी मारलं?"

"मी लिहिलं म्हणून," मी म्हणालो.

कडुबा मध्ये पडला. "जाऊ द्या ना गुरुजी. लई जुनं झालं. बा, तू बी गप ऱ्हाय." त्याच्या हातात अर्धी बांधलेली जुडी होती आणि ती त्याला बांधताही येत नव्हती, सोडताही येत नव्हती.

पण माझं सांगून झालं नव्हतं. एक गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती, आणि ती न सांगता मी परत आलो असतो, तर अर्धीच कबुली झाली असती.

"कडुबा," मी म्हणालो, "तुझे सर मला जुलैतच भेटले होते. तू गप्प उभा राहतोस म्हणाले. तेव्हा मला खरं सांगता आलं असतं, तू शाळेत राहिला असतास. मी त्यांना म्हणालो, जरा कडक राहा. ते माझ्या सांगण्यावरून कडक राहिले. तू मला खोटं पडू दिलं नाहीस आणि मी तुला खोटं पाडलं. माझं चुकलं. मला माफ कर."